इंग्रजीचा मधला टप्पा: फ्रेझल व्हर्ब, शब्दसाठा आणि मराठीतून आलेले व्याकरण

कृष्णाकाठ

मराठी माध्यमातून शिकलेल्या, इंग्रजी वाचून समजणाऱ्या, परंतु बोलता-लिहिताना अडखळणाऱ्या मंडळींसाठी हा धागा काढत आहे. युरोपीय परिषदेने २००१ साली भाषाकौशल्याच्या ज्या सहा पायऱ्या प्रसिद्ध केल्या, त्यांपैकी बी-१ आणि बी-२ या मधल्या दोन पायऱ्यांवर ही मंडळी साधारणपणे बसतात. या टप्प्याची खरी अडचण अशी आहे की येथे काम भागते. रजेचा अर्ज लिहिता येतो, बातम्या समजतात, दूरध्वनीवर वेळ मारून नेता येते. त्यामुळे पुढे सरकण्याची निकड उरत नाही आणि माणूस त्याच त्या शब्दांवर वर्षानुवर्षे दिवस काढतो.

सांगलीत मी प्रौढांचा एक सरावगट चालवतो. राज्यातील मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी सुरू झाले आणि त्याआधीची पिढी ते पाचवीपासून शिकली. गटात दोन्ही पिढ्यांचे लोक आहेत, तरी त्यांच्या चुका मात्र जवळजवळ एकसारख्या आहेत. यावरून माझे मत असे झाले आहे की या चुका इंग्रजीच्या अज्ञानातून कमी आणि मराठीच्या पक्क्या सवयीतून अधिक येतात. उदाहरणार्थ, आपण '२०१५ पासून' म्हणतो आणि 'दहा वर्षांपासून'ही म्हणतो; दोन्हीकडे 'पासून' एकच. इंग्रजीत मात्र आरंभाचा क्षण सांगायचा असेल तर 'सिन्स' आणि कालावधी सांगायचा असेल तर 'फॉर' लागते. शिवाय 'मी दहा वर्षांपासून येथे राहत आहे' यातील 'राहत आहे' जसेच्या तसे उचलले की 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स' असे एकाच वाक्यात दोन दोष असलेले वाक्य तयार होते. हवे असते ते 'आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर टेन इयर्स'.

दुसरे उदाहरण. 'हे पुस्तक मी २०१० साली वाचले आहे' हे मराठीत निर्दोष वाक्य आहे. इंग्रजीत गतकाळातील निश्चित वेळ सांगितली की 'हॅव' चालत नाही. 'आय रेड इट इन २०१०' असेच म्हणावे लागते, आणि 'आय हॅव रेड इट' म्हणायचे असेल तर साल गाळावे लागते. तिसरे, 'तो कुठे राहतो?' आणि 'तो कुठे राहतो ते मला माहीत नाही' या दोन्हींत आपला शब्दक्रम तोच राहतो. इंग्रजीत प्रश्न मोठ्या वाक्याच्या पोटात गेला की त्याची प्रश्नाची ठेवण जाते, म्हणून 'आय डोन्ट नो व्हेअर डझ ही लिव्ह' हे चूक आणि 'व्हेअर ही लिव्ह्ज' हे बरोबर.

व्याकरणाचे असे दोष मोजके असल्यामुळे ते वहीच्या एका पानावर मांडता येतात आणि सरावाने जातातही. माझी खरी अडचण फ्रेझल व्हर्बची, म्हणजे क्रियापदाला 'ऑफ', 'अप' असा लहान शब्द जोडून निराळा अर्थ देणाऱ्या जोड्यांची आहे. बाजारातील पुस्तकांत 'गेट', 'पुट', 'टेक' अशा क्रमाने लांबलचक याद्या असतात. सदस्य त्या निष्ठेने पाठ करतात, आणि पुढच्या आठवड्यात 'पुट ऑफ', 'पुट आउट' व 'पुट अप विथ' यांची सरमिसळ करतात. याद्यांवाचून हा विषय कसा शिकवावा, याविषयी जाणकारांनी लिहावे.

ओलीसुकी

मी अनुवादाचे काम करते, त्यामुळे हा विषय रोज समोर असतो. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की मराठी माणसाला फ्रेझल व्हर्ब परके वाटण्याचे कारण नाही, कारण त्याच जातीची यंत्रणा आपण दिवसभर वापरतो. आपण ती क्रियापदाच्या पुढे लहानसा शब्द लावून चालवत नाही, तर धातुसाधिताला दुसरे क्रियापद जोडून चालवतो, एवढाच फरक.

'काढणे' हे एकच क्रियापद घ्या. शोधून काढणे म्हणजे 'फाइंड आउट', वेचून काढणे म्हणजे 'पिक आउट', हाकलून काढणे म्हणजे 'थ्रो आउट', वाचून काढणे म्हणजे 'रीड थ्रू', माग काढणे म्हणजे 'ट्रॅक डाउन', कपडे काढणे म्हणजे 'टेक ऑफ', विषय काढणे म्हणजे 'ब्रिंग अप', आणि कृष्णाकाठ यांनी वर सहज लिहिलेले दिवस काढणे म्हणजे 'गेट बाय'. रांगोळी काढणे, समजूत काढणे आणि खोडी काढणे यांतील 'काढणे' एकच आहे काय, असा प्रश्न आपल्याला कधी पडत नाही. ते आपण यादी करून शिकलो नाही. प्रसंगासह, पूर्ण वाक्यात शिकलो.

'टाकणे' तर आणखी उपयोगी आहे. इंग्रजीतील 'अप' अनेकदा क्रिया पूर्ण झाल्याची, काही शिल्लक न उरल्याची खूण असते. 'ईट इट अप' म्हणजे खाऊन टाक, 'टेअर इट अप' म्हणजे फाडून टाक. 'गिव्ह इट अवे' म्हणजे देऊन टाक. तेथे 'अवे' हाताबाहेर गेल्याची खूण आहे. 'लिहून घे' आणि 'लिहून काढ' यांत आपण जो भेद करतो, तोच 'राइट इट डाउन' आणि 'राइट इट आउट' यांत आहे: पहिल्यात विसरू नये म्हणून नोंद आहे, तर दुसऱ्यात संपूर्ण मजकूर उतरवण्याचे काम आहे. मराठीत हा भेद ज्याला न शिकवता कळतो, त्याला इंग्रजीतला कळणार नाही असे मी मानत नाही.

मात्र हा पूल सगळीकडे पोचत नाही. 'मी त्याला सांगून बसलो' यातील 'बसणे' जो पश्चात्ताप आणते, तो इंग्रजीत अशा लहान शब्दाने येत नाही. तेथे 'आय वेंट अँड टोल्ड हिम' अशी निराळीच रचना करावी लागते. 'लावणे'चेही तसेच. दिवा लावणे 'टर्न ऑन', गजर लावणे 'सेट', कुकर लावणे 'पुट ऑन', रांग लावणे 'लाइन अप', मलम लावणे 'पुट ऑन' किंवा 'अप्लाय'. एका मराठी क्रियापदाला एक इंग्रजी जोडी चिकटवण्याचा मोह आवरला पाहिजे. 'दिवा बंद कर'चे 'क्लोज द लाइट' आणि 'परीक्षा दिली'चे 'आय गेव्ह द एक्झाम' ही त्याच मोहाची फळे आहेत.

म्हणून माझी सूचना अशी की यादी इंग्रजी क्रियापदाच्या नावाने करूच नये. 'सकाळी घरातून निघेपर्यंत' असा एखादा प्रसंग घ्यावा आणि त्यात जे मराठीत बोलतो, ते इंग्रजीत कसे म्हणतात ते पाहावे. जागे होणे, उठणे, दिवा लावणे, पाणी तापत ठेवणे, कपडे घालणे, मुलाला शाळेत सोडणे, वाटेत सहकाऱ्याला घेणे. एवढ्यात 'वेक अप', 'गेट अप', 'टर्न ऑन', 'पुट ऑन', 'ड्रॉप ऑफ' आणि 'पिक अप' ओळीने येऊन जातात, आणि प्रसंग निराळे असल्यामुळे एकमेकांत मिसळत नाहीत.

सडेतोड

मूळ प्रश्नच मला मान्य नाही. फ्रेझल व्हर्बचे हे स्तोम परदेशी पाठ्यपुस्तकांनी माजवले आहे. माझ्या कार्यालयात तमिळ, बंगाली आणि मल्याळी सहकारी आहेत. त्यांना 'पोस्टपोन', 'कॅन्सल', 'टॉलरेट', 'इन्व्हेस्टिगेट' हे शब्द एका क्षणात कळतात. त्यांच्याऐवजी 'पुट ऑफ', 'कॉल ऑफ', 'पुट अप विथ', 'लुक इन्टू' वापरले तर दोघे तरी पुन्हा विचारतात. ज्या शब्दाने अर्थ लगेच पोचतो तो सोडून अवघड शब्द वापरण्यात भाषेची कोणती सेवा होते?

दुसरे म्हणजे, आपली इंग्रजी आपली आहे. 'प्रीपोन' हा शब्द भारतीयांनी रूढ केला आणि आता तो ऑक्सफर्डच्या शब्दकोशात बसला आहे. मधल्या टप्प्यावरील माणसाने आधी काळ, उपपदे आणि शब्दयोगी अव्यये सुधारावीत. 'डिस्कस अबाउट', 'मॅरीड विथ', 'रिटर्न बॅक' हे जोवर जात नाही, तोवर बाकीचे अलंकार राहू द्यावेत.

रात्रपाळी

सडेतोड यांच्या पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे, परंतु तो बोलणाऱ्याच्या बाजूचा आहे. ऐकणाऱ्याची बाजू त्यात सुटली आहे. मी परिचारिका असून परदेशातील नोकरीसाठी ओईटी या परीक्षेची तयारी करत आहे. आरोग्यक्षेत्रातील लोकांसाठी असलेल्या या परीक्षेच्या बोलण्याच्या भागात दोन भूमिका-संवाद असतात; प्रत्येकाला सुमारे पाच मिनिटे मिळतात आणि समोरची व्यक्ती रुग्ण किंवा नातेवाईक होऊन बोलते.

आमचे सारे शिक्षण लॅटिन वळणाच्या शब्दांत झाले आहे. पुस्तकात 'व्हॉमिटिंग' असते. रुग्ण 'आय थ्रू अप ट्वाइस लास्ट नाइट' म्हणतो. वेदनाशामकाचा परिणाम ओसरला की 'इट हॅज वोर्न ऑफ', सूज उतरली की 'द स्वेलिंग हॅज गॉन डाउन', अंगावर पुरळ उठले की 'ही ब्रोक आउट इन अ रॅश', काहीतरी आजार जडला की 'शी हॅज कम डाउन विथ समथिंग', आणि भुलीतून शुद्धीवर येऊ लागला की 'ही इज कमिंग राउंड'. यांपैकी एकही वाक्य आजारी माणसाला अधिक सोप्या शब्दांत सांगायला लावण्याची सोय नसते. वेदनेत असलेली व्यक्ती तिच्या घरची भाषा बोलणार, आणि इंग्रजांच्या घरची भाषा ही अशी आहे.

'पास आउट'चा किस्सा तर सर्वांना ठाऊक असेल. आपल्याकडे 'मी २०१८ साली पास आउट झाले' म्हणजे पदवी मिळाली. रुग्ण 'आय पास्ड आउट' म्हणतो तेव्हा तो बेशुद्ध पडलेला असतो. आपली इंग्रजी आपली आहे हे मला मान्य आहे, पण अतिदक्षता विभागात कोणाची इंग्रजी चालते हे रुग्ण ठरवतो.

आता सडेतोड यांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगते. त्याच परीक्षेच्या लेखनाच्या भागात १८० ते २०० शब्दांचे पत्र लिहायचे असते, बहुधा दुसऱ्या डॉक्टरला किंवा परिचारिकेला. त्या पत्रात 'थ्रू अप' लिहिणे शोभत नाही. तेथे 'व्हॉमिटेड'च हवे. म्हणजे दोन्ही शब्द लागतात आणि कोणता कोठे वापरायचा हेही कळावे लागते. आपण 'वाट पाहणे' आणि 'प्रतीक्षा करणे' यांत जसा फरक करतो, तसाच हा आहे. रेल्वे स्थानकावरील सूचनेत 'प्रतीक्षा' चालते, मैत्रिणीला 'मी तुझी प्रतीक्षा करत होते' म्हटले तर ती हसेल.

माझ्या वहीत मी प्रत्येक पानाचे दोन भाग केले आहेत: डावीकडे रुग्ण जे म्हणेल ते आणि उजवीकडे मी नोंदवहीत जे लिहीन ते. डावीकडचे वाक्य मैत्रीण मोठ्याने वाचते, आणि मी उजवीकडचे न पाहता सांगते. काही दिवसांनी बाजू उलटतो.

खडूफळा

रात्रपाळी ताईंची वही फार आवडली. मी शिक्षक असल्यामुळे रचनेविषयी दोन गोष्टी जोडतो, कारण अर्थ पाठ असूनही वाक्य चुकते ते येथे.

फ्रेझल व्हर्बला कर्म असेल तर ते कोठे बसवायचे, हा प्रश्न येतो. 'टर्न ऑफ द फॅन' आणि 'टर्न द फॅन ऑफ' ही दोन्ही वाक्ये चालतात. पण 'फॅन'च्या जागी 'इट' आले की ते मध्येच बसले पाहिजे: 'टर्न इट ऑफ'. 'टर्न ऑफ इट' हे कोणत्याही परिस्थितीत चालत नाही. याउलट 'लुक आफ्टर', 'रन इन्टू', 'कम अक्रॉस' या जोड्या फुटत नाहीत. तेथे 'लुक आफ्टर हर' असेच म्हणावे लागते. तीन शब्दांच्या जोड्याही सहसा फुटत नाहीत: 'पुट अप विथ इट', 'रन आउट ऑफ इट'. शब्दकोशात हा फरक दाखवलेला असतो, फक्त आपण तो पाहत नाही. शिकणाऱ्यांसाठी मुद्दाम केलेल्या शब्दकोशांत, जे आता मोबाइलवर फुकट पाहता येतात, 'पुट समथिंग ऑफ' असे मध्ये 'समथिंग' घालून लिहिले असेल तर जोडी फुटते, आणि 'लुक आफ्टर समवन' असे शेवटी लिहिले असेल तर फुटत नाही, असे समजावे. म्हणून वहीत नुसते 'पुट ऑफ' न लिहिता शब्दकोशातील तो पूर्ण आकार लिहावा.

उच्चाराकडे कोणी लक्ष देत नाही, म्हणून तेही सांगतो. 'टर्न इट ऑफ' म्हणताना जोर 'ऑफ'वर येतो. 'लुक ॲट इट' म्हणताना 'ॲट'वर येत नाही, 'लुक'वर येतो. जोडीचे नाम झाले की जोर पहिल्या भागावर येतो: गाडी 'ब्रेक्स डाउन' तेव्हा 'डाउन'वर आणि गाडीचा 'ब्रेकडाउन' होतो तेव्हा 'ब्रेक'वर. हे कानाला एकदा कळले की बोलताना ऐकू न येणारे लहान शब्द ऐकू येऊ लागतात. त्यासाठी श्रुतलेखनासारखा दुसरा सराव नाही. आकाशवाणीच्या किंवा बीबीसीच्या इंग्रजी बातमीपत्रातील अर्ध्या मिनिटाचा तुकडा घ्यावा, तीनदा ऐकून शब्दश: लिहावा आणि मग मूळ मजकुराशी ताडून पाहावा. गळालेले शब्द जवळजवळ नेहमी 'द', 'हॅज', 'ऑफ', 'अप' याच वर्गातले निघतात, आणि आपण बोलतानाही नेमके तेच गाळत असतो.

सडेतोड यांनी 'डिस्कस अबाउट' आणि 'मॅरीड विथ' यांचा उल्लेख केला आहे. त्यांचे मूळही आपल्या प्रत्ययांत आहे: 'विषयी चर्चा' म्हणून 'अबाउट', आणि 'तिच्याशी लग्न' म्हणून 'विथ'. 'माझ्यावर रागावला' म्हणून 'अँग्री ऑन मी'. नियम सांगून हे जात नाही. मी वर्गात मराठी वाक्य म्हणतो आणि विद्यार्थ्यांनी लगेच इंग्रजी म्हणायचे. विचार करायला वेळच द्यायचा नाही. 'तिने माझ्या भावाशी लग्न केले.' 'शी मॅरीड माय ब्रदर.' 'आपण यावर उद्या चर्चा करू.' 'लेट अस डिस्कस इट टुमॉरो.' मराठी वाक्यात प्रत्यय ऐकू येतो आणि इंग्रजीत त्याची जागा रिकामी राहते, हे तोंडाला कळेपर्यंत म्हणत राहायचे.

सडेतोड

रुग्णाचा मुद्दा मान्य. ऐकून समजण्यासाठी फ्रेझल व्हर्ब हवेत, हे मी स्वीकारतो. वापरण्याविषयी माझे मत बदललेले नाही, निदान भारतातल्या कार्यालयांपुरते तरी. पण मग प्रश्न असा उरतो की किती शिकायचे? या जोड्या हजारो आहेत, आणि शब्दसंग्रह तर त्याहून मोठा. मधल्या टप्प्यावरील, दिवसभर नोकरी करणाऱ्या माणसाने सुरुवात कोठून करावी आणि शिकलेले टिकवावे कसे?

चिठ्ठीचपाटी

सुरुवात कोठून करावी, या प्रश्नाचे सर्वांत जुन्या चांगल्या उत्तरांपैकी एक आपल्याच उपखंडात तयार झाले आहे. मायकेल वेस्ट हे इंग्रज शिक्षणाधिकारी ब्रिटिश काळात बंगालमध्ये काम करत होते. शाळेतून लवकर बाहेर पडणाऱ्या मुलांना थोड्या शब्दांत अधिकाधिक वाचता यावे, या विचाराने त्यांनी मोजक्या शब्दांची वाचनपुस्तके केली. पुढे १९५३ साली त्यांची सुमारे २००० शब्दांची सूची प्रसिद्ध झाली. तिच्यात शब्दांच्या वेगवेगळ्या अर्थांपैकी कोणता किती वेळा येतो हेही दिलेले होते. नंतर उच्च शिक्षणासाठी २००० साली न्यूझीलंडमध्ये ५७० शब्दकुलांची (शब्दकुल म्हणजे एक शब्द आणि त्यापासून झालेली रूपे) आणखी एक सूची तयार झाली. या दोन सूचींतील शब्द मधल्या टप्प्यावरील माणसाला ओळखीचे असतात, पण वापरता येतात असे नाही. म्हणून 'मला हा शब्द माहीत आहे का' असे न विचारता 'हा शब्द घालून मला आत्ता वाक्य करता येते का' असे विचारत सूची चाळावी. जेथे हात थबकेल, तेथून सुरुवात.

शब्द एकटा लिहू नये, हे तर येथे सर्वांनी सांगितलेच आहे. आपण सगळेच 'करतो', म्हणून 'डू' आणि 'मेक' यांचा घोटाळा होतो. गृहपाठ 'डू' करायचा, चूक 'मेक' करायची, निर्णय 'मेक' करायचा, व्यायाम 'डू' करायचा. यामागे पक्का नियम शोधण्यात वेळ घालवू नये; जोडीच लिहावी.

टिकवण्याविषयी. आठवण कशी ओसरते याचे प्रयोग हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वत:वर करून १८८५ साली प्रसिद्ध केले. सुरुवातीला विसरणे झपाट्याने होते आणि पुढे मंदावते. १९७२ साली सेबास्टियन लाइटनर यांनी या गोष्टीवर साधा उपाय सुचवला: कप्प्यांचा डबा. पुठ्ठ्याच्या खोक्यात चार-पाच कप्पे करावेत. नवी चिठ्ठी पहिल्या कप्प्यात जाते. उत्तर बरोबर आले की ती पुढच्या कप्प्यात सरकवायची, चुकले की थेट पहिल्या कप्प्यात परत. पहिला कप्पा रोज, दुसरा दोन दिवसांआड, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने, याप्रमाणे पाहायचा. २००६ सालापासून उपलब्ध असलेली अंकी ही संगणकप्रणाली हेच काम आपोआप करते. मी पुठ्ठ्याचा डबाच वापरतो, कारण मोबाइल हातात घेतला की शब्दांआधी दुसरेच काही उघडले जाते.

मात्र चिठ्ठीवर काय लिहिले आहे, यावर सारे अवलंबून आहे. पुढच्या बाजूस 'पुट ऑफ' आणि मागे 'पुढे ढकलणे' असे लिहिले तर फक्त ओळखण्याचा सराव होतो. मी पुढच्या बाजूस मराठी प्रसंग लिहितो: 'दाताच्या डॉक्टरकडे जाणे मी सारखे पुढे ढकलतो.' मागे: 'आय कीप पुटिंग ऑफ गोइंग टू द डेंटिस्ट.' एका चिठ्ठीत जोडी, तिच्यामागून येणारे 'गोइंग' हे रूप आणि 'कीप'ची रचना, असे तिन्ही येते. आणि एकाच बैठकीत 'पुट'च्या सगळ्या जोड्या घेऊ नयेत. कृष्णाकाठ यांच्या गटात सरमिसळ होते ती नेमकी यामुळे. पहिली जोडी तिसऱ्या कप्प्यात गेल्याशिवाय दुसरी डब्यात येऊ देऊ नये.

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. ओलीसुकी यांची प्रसंगाची कल्पना आणि चिठ्ठीचपाटी यांचा डबा एकत्र करून या आठवड्यापासून गटात सराव सुरू करत आहे. व्याकरणही त्याच चिठ्ठ्यांत येईल, वेगळा तास नको. एक भर घालतो: आपल्या रीतिभूतकाळाचा उपयोग करून घ्यावा. 'मी पूर्वी सायकलने जायचो' म्हणजे 'आय यूज्ड टू गो बाय सायकल', आणि 'मला सायकलची सवय आहे' म्हणजे 'आय ॲम यूज्ड टू सायकलिंग'. इंग्रजीत 'यूज्ड टू' दोन्हीकडे दिसते म्हणून गोंधळ होतो. मराठीतून पाहिले की दोन अगदी निराळ्या गोष्टी दिसतात. तसेच 'असता-असते'ची वाक्ये. 'तू आला असतास तर आपण गेलो असतो' हे ज्याला न अडखळता म्हणता येते, त्याला 'इफ यू हॅड कम, वी वुड हॅव गॉन' याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. फक्त 'इफ'च्या बाजूला 'वुड' जाऊ द्यायचा नाही.

येथील वाचकांसाठी सहा वाक्ये देतो. कोणी प्रयत्न करणार असेल तर उत्तरे खाली लिहावीत.

१. दूध संपले आहे, येताना घेऊन ये.
२. तिने पुन्हा पैशांचा विषय काढला.
३. मुलगी अगदी आईवर गेली आहे.
४. आम्ही तीन वर्षांपासून या आवाजाचा त्रास सहन करत आहोत.
५. बैठक कधी आहे ते मला माहीत नाही. ती पुढे ढकलली आहे असे ऐकले.
६. तू आधी सांगितले असतेस तर मी अर्ज भरला असता.

नवशिकी

हा सगळा धागा वाचला. शब्दकोश न पाहता उत्तरे लिहीत आहे; न संकोचता तपासावीत.

१. वी हॅव रन आउट ऑफ मिल्क, ब्रिंग इट व्हाइल कमिंग.
२. शी ब्रॉट अप द मनी अगेन.
३. द गर्ल हॅज गॉन ऑन हर मदर.
४. वी आर पुटिंग अप विथ धिस नॉइज सिन्स थ्री इयर्स.
५. आय डोन्ट नो व्हेन द मीटिंग इज; आय हर्ड दॅट दे पुट ऑफ इट.
६. इफ यू हॅड टोल्ड मी अर्लियर, आय वुड हॅव फिल्ड इन द फॉर्म.

कृष्णाकाठ

नवशिकी ताई, दुसरे आणि सहावे वाक्य निर्दोष आहे. सहाव्यात 'फिल्ड इन' तुम्ही आपणहून घातलेत, हे विशेष.

पहिल्यात 'रन आउट ऑफ' अचूक आले. पण जे दूध संपले तेच परत आणायचे नाही, थोडे नवे आणायचे आहे, म्हणून 'इट'ऐवजी 'सम' हवे. आणि 'व्हाइल कमिंग' हे आपल्या 'येताना'चे रूप आहे. 'पिक सम अप ऑन युअर वे होम' असे म्हणा.

तिसऱ्यात 'आईवर गेली'मधला 'वर' तसाच उतरला. इंग्रजीत येथे 'टेक आफ्टर' ही न फुटणारी जोडी आहे, आणि मुलीविषयी बोलणे चालू असल्यामुळे 'शी' पुरेल: 'शी टेक्स आफ्टर हर मदर.' मराठीत 'गेली आहे' असले तरी येथे साधा वर्तमानकाळ येतो, कारण साम्य ही कायमची गोष्ट आहे.

चौथ्यात जोडी बरोबर, काळ चुकला: 'वी हॅव बीन पुटिंग अप विथ धिस नॉइज फॉर थ्री इयर्स.' धाग्याच्या सुरुवातीला सांगितलेले 'पासून' येथे पुन्हा आडवे आले. या वाक्याची चिठ्ठी पहिल्या कप्प्यात ठेवा.

पाचव्याचा पहिला अर्धा भाग उत्तम आहे. प्रश्न पोटात गेल्यावर 'इज' शेवटी नेलेत, तेथे बहुतेक जण चुकतात. दुसऱ्या अर्ध्यात खडूफळा सरांचा नियम लागू होतो: 'दे पुट इट ऑफ'. कोणी ढकलली हे सांगायचे नसेल तर 'इट हॅज बीन पुट ऑफ' म्हणा, आणि म्हणताना जोर 'ऑफ'वर द्या.